सहा महिन्यांचा कोर्स आणि हातात दिलेली सिरिंज

प्रश्न : सिस्टर, मी २१ वर्षांची आहे. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. बारावी आर्ट्सला ५२ टक्के मिळाले. पुढे शिकवण्यासारखी घरची परिस्थिती नव्हती, म्हणून तालुक्याला सहा महिन्यांचा नर्सिंग असिस्टंटचा कोर्स केला आणि तिथल्याच एका खासगी दवाखान्यात लागले. पंचवीस खाटा आहेत. पहिल्या आठवड्यापासून मला सलाईन लावायला, शिरेतून इंजेक्शन द्यायला सांगतात. कोर्समध्ये हे एकदाच पुतळ्यावर दाखवलं होतं. जुन्या मुली म्हणतात, सगळ्या असंच शिकतात. रात्री बऱ्याचदा मी एकटीच असते. मागच्या आठवड्यात एका आजोबांना इन्सुलिन द्यायचं होतं. सिरिंजवरचे आकडे आणि बाटलीवरचे आकडे जुळेनात. डॉक्टरांना फोन केला तर ‘एवढंही येत नाही का’ म्हणून ओरडले. दुसरं म्हणजे, पुरुष पेशंटचं अंग पुसताना, डायपर बदलताना मला फार संकोच होतो. घरी कळलं तर काम सोडायला लावतील. मला खरी नर्स व्हायचं आहे. आर्ट्सवाल्यांना होता येतं का? मैत्रीण म्हणते जर्मनीत नर्सना खूप मागणी आहे. या सर्टिफिकेटवर जाता येईल का?

उत्तर : आधी त्या रात्रीचं बोलू. तुला कळलं नाही, तू अंदाजाने सिरिंज भरली नाहीस, फोन केलास आणि ओरडा खाल्लास. अगदी बरोबर वागलीस. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा फोन कर. आकडे का जुळत नव्हते हे तुला कुणी समजावलेलं दिसत नाही, म्हणून मी सांगते.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात. एकीवर ४० आययू लिहिलेलं असतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. दुसरीवर १००, म्हणजे एका मिलीत १०० युनिट. सिरिंजही दोन प्रकारच्या असतात : ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. बाटली आणि सिरिंज एकाच आकड्याची असायला हवी. समज, बाटली १०० ची आहे आणि हातात सिरिंज ४० ची आली. दहाच्या रेषेपर्यंत भरलं की पाव मिली भरतं, आणि पेशंटच्या अंगात दहाऐवजी पंचवीस युनिट जातात. साखर झपाट्याने उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो, मग शुद्ध हरपते. रात्रीच्या वेळी म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण ‘आजोबा गाढ झोपलेत’ असंच वाटतं. उलटी चूक झाली, म्हणजे ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज, तर दहाऐवजी चारच युनिट जातात. सकाळी शुगर चढलेली दिसते, डॉक्टर डोस वाढवतात, आणि पुढच्या पाळीत कुणी योग्य सिरिंज घेतली की तो वाढवलेला डोस पूर्णच्या पूर्ण आत जातो.

मी सरकारी रुग्णालयातून परिसेविका, म्हणजे वॉर्डची मुख्य सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. वर्षानुवर्षं काम केलेल्या सिस्टरसुद्धा इन्सुलिन भरलं की दुसरीला सिरिंज दाखवतात आणि मगच टोचतात. तेव्हा ‘एवढंही येत नाही का’ हे मनाला लावून घेऊ नकोस. ‘एवढं’ म्हणण्याइतकं ते लहान नाही.

आता तुझ्या पत्रातली खरी अडचण. महाराष्ट्रात परिचारिका म्हणून काम करायचं तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते. तसा १९६६ पासून राज्याचा कायदा आहे. एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचा कोर्स), जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवायफरीचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण केल्यावर ती नोंदणी मिळते. तुझ्या सहा महिन्यांच्या कोर्सवर मिळत नाही. तू रुग्ण सहाय्यक आहेस. हे काम प्रतिष्ठेचं आहे, त्याबद्दल पुढे लिहितेच, पण शिरेतून औषध देणं त्यात येत नाही. उद्या एखाद्या पेशंटला इंजेक्शनची रिअॅक्शन आली, पोटॅशियमसारखं औषध सलाईनमध्ये न मिसळता थेट शिरेत गेलं आणि हृदय थांबलं, तर केसपेपरवर डॉक्टरांची ऑर्डर बिनचूक लिहिलेली असेल. प्रश्न येईल तो दिलं कुणी, आणि कुठल्या अधिकाराने दिलं. तेव्हा ‘मला सांगितलं होतं’ एवढंच तुझ्याकडे उरेल.

असं का चालतं तेही तुला ठाऊक असावं. नोंदणी असलेल्या सिस्टरला पगार जास्त द्यावा लागतो, आणि तालुक्याच्या गावात ती टिकत नाही. मग तुझ्यासारखी गरजू मुलगी कमी पैशांत ठेवायची, पांढरा कोट द्यायचा, पेशंटसमोर ‘सिस्टर’ म्हणायचं आणि काम करून घ्यायचं. मला याचा मनस्वी राग येतो. यात पेशंटची फसवणूक होते, तुझी होते, आणि ज्या मुली तीन-चार वर्षं घासून शिकतात त्यांचीही होते. जुन्या मुली ‘सगळ्या असंच शिकतात’ म्हणतात ते खोटं नाही. पण त्यांना शीर सापडायला लागली, एवढंच शिकणं झालं. कुठलं औषध किती वेळात द्यायचं, कुणाला द्यायचं नाही, सुईच्या जागी सूज आली तर काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

म्हणून माझं सांगणं स्पष्ट आहे : जे शिकवलं नाही ते हातात घेऊ नकोस. डॉक्टरांशी दिवसा, राउंड आटोपल्यावर, पेशंट आणि नातेवाईक समोर नसताना बोल. भांडणाच्या सुरात नको आणि रडवेलंही नको. ‘सर, मला आयव्ही, म्हणजे शिरेतून औषध देण्याचं शिक्षण नाही आणि माझी नोंदणी नाही. पेशंटला काही झालं तर तुम्हीही अडचणीत याल. बीपी, शुगर, तापाचा चार्ट, लघवीची नोंद, पेशंटची सगळी स्वच्छता मी चोख करते. इंजेक्शनच्या वेळी सिस्टर किंवा तुम्ही हवेत.’ एवढं पुरे. रात्रपाळीला नोंदणी असलेली सिस्टर सोबत हवी, हेही त्याच वेळी सांग.

नोकरी जाऊ शकते. घरी पैशांची वाट बघणारी माणसं असताना ‘नाही’ म्हणणं किती जड असतं ते मी जाणते, म्हणून सोपं आहे असं म्हणत नाही. पण आजपासूनच दुसरी जागा शोधायला लाग. यवतमाळ, नागपूर, अमरावतीच्या मोठ्या रुग्णालयांमध्ये रुग्ण सहाय्यकांच्या रीतसर जागा असतात. तिथे सिस्टरांच्या हाताखाली काम मिळेल. पगार कदाचित इतकाच असेल, पण विचारायला माणूस असेल, आणि नर्सिंग शाळेत जायच्या आधी तुला तेच हवं आहे.

एक अपवाद. पेशंटचा श्वास आणि हृदय थांबलं, तर नोंदणी नाही म्हणून हात बांधून उभी राहू नकोस. आरडाओरड करून मदत बोलाव आणि छातीच्या मधोमध दाब द्यायला सुरुवात कर. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल. हे कुणीही करू शकतं. कुठे प्रशिक्षण मिळत असेल तर पैसे भरून घे.

आता तुझ्या हक्काच्या कामाकडे वळते. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, भांडं देणं ही ‘वरची कामं’ समजली जातात, आणि नव्या मुलींना वाटतं की सिरिंज हातात आली म्हणजे नर्स झालो. पण आठ-आठ तास पेशंटच्या जवळ असतं कोण? तूच. डॉक्टर राउंडला दोन मिनिटं येतात. त्यामुळे बिघाड सगळ्यात आधी तुला दिसायला हवा.

श्वास मोजण्याचंच घे. कुठल्याही वॉर्डातला चार्ट उचलून बघ, दहा पेशंटपुढे श्वास २० लिहिलेला असतो. कुणी मोजत नाही. तू मोज. नाडी बघून झाली की मनगटावरचा हात तसाच ठेव आणि छातीकडे बघून पूर्ण एक मिनिट मोज. आपण श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की तो वेगळा श्वास घ्यायला लागतो. मोठ्या माणसाचा १२ ते २० असतो. काल १८ होता आणि आज २६ आहे, तर बीपी चांगलं असलं तरी ताबडतोब सांग. जंतुसंसर्ग पसरतोय, फुप्फुसात पाणी साचतंय, अशा कितीतरी गोष्टी आधी श्वासात दिसतात आणि बीपी मागाहून पडतं.

तसंच लघवीचं. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली व्हायला हवी. लघवीच्या नळीची पिशवी रिकामी करताना आकडा लिही, ‘थोडी झाली’ असं लिहू नकोस. आमच्या वॉर्डात एक मावशी होत्या. त्यांनी दुपारी येऊन सांगितलं, ‘सिस्टर, सात नंबरच्या आजींची पिशवी सकाळपासून तेवढीच आहे.’ आजी गप्प पडून होत्या, तक्रार काही नव्हती. नळी तुंबली होती आणि पोट तट्ट फुगलं होतं. आम्हा सगळ्यांच्या आधी ते मावशींनी पाहिलं. पिशवी नेहमी पेशंटच्या ओटीपोटाच्या खालच्या पातळीवर ठेव, पण जमिनीला टेकू देऊ नकोस.

भरवताना पेशंटला बसतं कर. आडवं असताना पाण्याचा घोटही नको, आणि नीट शुद्धीत नसलेल्याला तोंडाने काहीच नको. लकव्याच्या पेशंटच्या गालात, लुळ्या बाजूला, घास साठून राहतो आणि त्याला ते कळत नाही. ते बोटाला गॉज गुंडाळून काढायचं. खाताना ठसका लागला किंवा आवाज ओला-घोगरा येऊ लागला तर तिथेच थांब. जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेव.

आणि बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम. दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड, खुबे, टाचा रोज उजेडात बघायच्या. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून उचललं आणि लाली गेली नाही, तर ती सुरुवात समज आणि कळव. आमच्या वेळी स्पिरिट आणि पावडर लावून पाठ चोळायची पद्धत होती. आता लाल जागा चोळत नाहीत, त्याने आतली इजा वाढते. पेशंटला चादरीवरून ओढू नकोस, दोघींनी मिळून उचला.

हे काम किती मोठं आहे ते सांगायला मला एकच नाव पुरतं. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये रुग्णालयातच हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. २०१५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत, जवळपास ४२ वर्षं, केईएमच्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं सगळं केलं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात केईएमच्या कर्मचाऱ्यांचं कौतुक करताना आवर्जून नोंदवलं की ३८ वर्षांत अरुणाला एकही बेडसोअर झाला नाही. अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ काय, हे ज्याने रोज कूस बदलली आहे त्यालाच कळेल.

संकोचाबद्दल लिहिलंस ते बरं झालं. नव्या मुलींपैकी बहुतेकींना तो वाटतो, फक्त त्या बोलत नाहीत. त्यावर उपाय कामाच्या पद्धतीत आहे. आधी पडदा ओढ. काय करणार आहेस ते पेशंटला सांग : ‘काका, आता मी तुमचं अंग पुसते, एकेक भाग पुसू.’ अंगावर चादर असू दे आणि पुसायचा तेवढाच भाग उघडा कर, पुसून कोरडा करून झाक, मग पुढचा. पेशंट स्वतः करू शकत असेल तर गुप्तांगाची जागा त्यालाच पुसायला ओला रुमाल दे. त्या क्षणी तुझ्याइतकाच, किंबहुना जास्त, संकोच त्याला असतो. मुलीच्या वयाच्या परक्या पोरीने आपलं करावं ही गोष्ट धडधाकट संसार केलेल्या माणसाला फार लागते. तू शांतपणे, इकडचं तिकडचं बोलत काम केलंस की दोघांचाही संकोच उतरतो. पण एखादा पेशंट मुद्दाम घाणेरडं बोलत असेल, हात लावत असेल, तर तो वेगळा प्रकार आहे. तिथे काम अर्धं टाकून बाहेर ये, कळव आणि पुन्हा एकटी जाऊ नकोस. घरच्यांपासून हे काम लपवत राहू नकोस. आईला एकदा सगळं नीट सांग. घरातल्या म्हाताऱ्यांचं हेच आई स्वतः करत आली असेल.

रात्रपाळीसंबंधी : दवाखान्यात दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तरी तिथेच.

हेपॅटायटिस बीची लस घेतली आहेस का? पत्रात उल्लेख नाही. नसेल तर याच आठवड्यात पहिला डोस घे, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. तू इंजेक्शन दिलं नाहीस तरी सुई टोचू शकते. चादरीत, ट्रेमध्ये, कचऱ्याच्या पिशवीत विसरलेली सुई सहाय्यकांनाच जास्त टोचते. म्हणून चादर झटकू नकोस, बघून गुंडाळ. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, ती थेट पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात टाकायची. टोचलीच तर जखम पिळू नकोस, बोट तोंडात घालू नकोस, साबण आणि वाहत्या पाण्याने धू, आणि लगेच सांगून जिल्हा रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे) जा. एचआयव्ही टाळण्याची औषधं शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ती २८ दिवस घ्यायची असतात. लपवून ठेवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना ओरड्याची भीती वाटते, पण त्या भीतीपायी हे ७२ तास घालवायचे नसतात.

आता शिक्षण. आर्ट्सवाल्यांना नर्स होता येतं. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र लागतं, ते तुला बंद आहे. पण जीएनएमला कुठल्याही शाखेची बारावी चालते. इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के लागतात, आणि वयाची कमाल मर्यादा ३५ आहे. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. तो झाला, नोंदणी झाली की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं आणि तिथून एम.एस्सी.चीही वाट आहे. एएनएम दोन वर्षांचं आहे. ते करून उपकेंद्रात आरोग्यसेविका होता येतं. लसीकरण, बाळंतपण, गावोगाव फिरणं. गावात राहून काम करायची मनापासून आवड असेल तर ते करावं, पण रुग्णालयात नर्स व्हायचं म्हणतेस तर तीन वर्षं काढ आणि जीएनएमच कर.

प्रवेशाचे नियम दर वर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहिती पुस्तिका स्वतः वाच, एजंटकडून ऐकू नकोस. शाळा मान्यताप्राप्त आहे का ते परिषदेच्या यादीत आधी बघ. ‘हजेरीची गरज नाही, परीक्षेपुरतं या’ असं कुणी म्हणालं तर तिथे एक रुपया भरू नकोस. मुली कामाला कुठल्या रुग्णालयात जातात आणि तिथे खाटा भरलेल्या असतात की रिकाम्या, हे जाऊन डोळ्यांनी बघ. सरकारी शाळेत जागा मिळाली तर फी खूप कमी पडते, तेव्हा पहिली पसंती तिला. शिष्यवृत्ती सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर असतात. राखीव प्रवर्गात असशील तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आत्ताच टाक. प्रवेशाच्या वेळी धावपळ करून ते मिळत नाही, आणि तेवढ्यासाठी मुलींचं वर्ष गेलेलं मी पाहिलं आहे. पुस्तकं इंग्रजीत असतात. केसपेपरवरचे बीडी, टीडीएस, एनबीएम असे शब्द रोज वहीत उतरव आणि सिस्टरांना अर्थ विचार. पहिल्या वर्षी त्याचा फार आधार होतो.

जर्मनीबद्दल : मागणी आहे हे खरं. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करारही केला. पण नर्स म्हणून मान्यता मिळवायला नर्सिंगचं पूर्ण शिक्षण आणि साधारण बी-२ पातळीपर्यंत, म्हणजे कामावर सफाईने बोलता येईल इतकी, जर्मन भाषा लागते. तुझ्या आजच्या सर्टिफिकेटवर नर्स म्हणून कुणी नेत नाही. नेतो म्हणून पैसे मागणाऱ्याला घरात घेऊ नकोस. जीएनएमच्या शेवटच्या वर्षात हा विषय पुन्हा काढ.

आणि ही नोकरी सोडशील तेव्हा अनुभवाचं पत्र माग. त्यावर पद ‘नर्सिंग असिस्टंट’ असंच लिहून घे. काही ठिकाणी उपकार केल्यासारखं ‘स्टाफ नर्स’ लिहून देतात. ते घेऊ नकोस. तुझी नोंदणी होईल तेव्हा तिच्यावर तारीख असेल, आणि त्या तारखेच्या आधी तू स्टाफ नर्स होतीस असं सांगणारा कागद पुढे सरकारी भरतीत कागदपत्रांच्या तपासणीला तुलाच अडचणीत आणेल. मूळ गुणपत्रिका आणि टीसी दवाखान्यात जमा केली असशील तर पगाराच्या आधी ती परत माग.